डांगरीचं माहेर

भोसरीच्या एमआयडीसीत आणि चाकणच्या तळेगाव चौकाच्या आसपास सेफ्टीचा माल विकणारी दुकानं आहेत. दारात दोरीला ओवलेले हातमोजे, हेल्मेटांची उतरंड, पुढून लोखंडी टोपी बसवलेले बूट, आणि या सगळ्याच्या वर हुकांना टांगलेल्या डांगऱ्या. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध कपडा. रंग निळा, करडा, कधी डोळ्यांत खुपणारा नारिंगी. कंपनीच्या पर्चेस ऑर्डरवर तिला ‘बॉयलर सूट’ म्हणतात, नव्या परदेशी कारखान्यांत ‘कव्हरऑल’. काउंटरवर मात्र मेंटेनन्सचा माणूस असो, वेल्डर असो की ठेकेदाराचा सुपरवायझर, तो डांगरीच मागतो. बीडचा मागतो, बिहारचाही मागतो.

मराठी माणसाला हा शब्द घरचाच वाटतो. डांगर म्हणजे पापडाचं कुटलेलं पीठ, ज्याच्या लाट्या पापड लाटणाऱ्या बायकांची नजर चुकवून तेलात बुडवून खायच्या असतात. कुठे डांगर म्हणजे तांबडा भोपळा. नाशिकच्या पलीकडे डांग हा डोंगराळ, रानवट मुलूख. एवढ्या गोतावळ्यात डांगरी सहज खपून जाते. माझ्या आईची तर खात्रीच होती की डांगरासारखी घट्ट आणि चिवट म्हणून ती डांगरी. आईचं शास्त्र चुकीचं होतं, पण तिचा कान बरोबर होता. हा शब्द आपला आहे असं तिला वाटायचं, आणि तो आपलाच आहे. फक्त तो घरी सरळ आला नाही. चारशे वर्षं जहाजांतून, बंदरांतून, परक्या पलटणींतून फिरून, नाव बदलून, इंग्रजी होऊन आला.

वडील माण तालुक्यातून साठच्या दशकात पिंपरीला आले. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली होती, १९६२ साली एमआयडीसी, आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतांची मोजणी होऊन तिथे शेड उभ्या राहत होत्या. पिंपरी-चिंचवडला तेव्हा नगरपालिकासुद्धा नव्हती, ती झाली १९७० साली. गावी धोतर नेसणारा माणूस इथे आल्यावर डांगरीत शिरला आणि निवृत्त होईपर्यंत तिच्यातच राहिला. गुरुवारी, म्हणजे आमच्या भागातल्या बऱ्याच कंपन्यांच्या साप्ताहिक सुट्टीला, आई ती धुवायची. आदल्या रात्रीच गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून तिला भिजत घातलेलं असायचं, वेगळ्या घमेल्यात. घरातल्या दुसऱ्या कपड्याचा तिला स्पर्श चालत नसे. खिशातून लोखंडाचा कीस निघायचा. ब्रशनं कितीही घासलं तरी कटिंग ऑइलचा वास जायचा नाही आणि पाटाच्या पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग तरंगायचा. दोरीवर वाळत घातलेली डांगरी पाहून कुणाच्या घरचा माणूस कोणत्या खात्यात आहे हे चाळीतल्या बायका ओळखत. मशीन शॉपची डांगरी, फाउंड्रीची डांगरी आणि पेंट शॉपची डांगरी, तिन्हींचे डाग निराळे.

आता वाकड किंवा पिंपळे सौदागरच्या कपड्यांच्या दुकानांत ‘डंगरीज’ मिळतात. छातीवर चौकोनी पट्टी, खांद्यावरून दोन बंद, खाली जीन्सचं कापड. दोन वर्षांच्या मुलीपासून कॉलेजातल्या पोरींपर्यंत सगळ्यांसाठी. भोसरीत टांगलेल्या डांगरीपेक्षा किंमत जास्तच. आयटी पार्कात काम करणारी आई लेकीला डंगरी घेते आणि ती घालून मुलगी आजोबांच्या मांडीवर बसते. त्या आजोबांनी जन्मभर डांगरीच घातलेली असते. दोघांच्या अंगावरच्या कपड्याचं नाव एकच आहे, हे दोघांच्याही गावी नसतं.

इंग्रजी कोशात हा शब्द ‘डंगरी’ आणि अनेकवचनी ‘डंगरीज’ असा आहे. मूळ अर्थ जाडेभरडे सुती कापड, मग त्या कापडाची कामाची विजार, मग छातीवर पट्टी असलेला पोशाख. व्युत्पत्तीपुढे ऑक्सफर्डचा कोश लिहितो : हिंदी ‘डुंगरी’पासून, सतराव्या शतकाची अखेर. बाकीचे कोशही थोड्याफार फरकानं तेच सांगतात. माझी तक्रार इथून सुरू होते. मुंगूस आणि गोणी या दोन शब्दांचं श्रेय हाच ऑक्सफर्ड मराठीला देतो. मुंगसाला न्याय मिळाला आणि डांगरीला नाही, हे काही बरं नव्हे.

हिंदीचं नाव तिथे कसं चिकटलं असावं, याचा माग काढता येतो. हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा सगळ्यांत रसाळ कोश म्हणजे १८८६ साली निघालेला हॉब्सन-जॉब्सन. कर्ता हेन्री यूल हा बंगालच्या इंजिनियर पलटणीतला, त्याचा साथीदार बर्नेल हा मद्रासच्या मुलकी नोकरीतला. दोघांनी मिळून हा कोश रचला, आणि डंगरीपाशी आल्यावर लिहिलं की आपल्याला माहीत असलेल्या एकाही कोशात हा शब्द सापडत नाही. एकाचं आयुष्य पूर्वेकडे, दुसऱ्याचं दक्षिणेकडे. मुंबई इलाख्यातला कोश काढून पाहायचं राहून गेलं असावं. १९०३ च्या दुसऱ्या आवृत्तीत विल्यम क्रुकनं ही उणीव भरून काढली. त्यानं कंसात आधी प्लॅट्सच्या उर्दू-हिंदी कोशाचा हवाला दिला, मग मद्रासकडच्या एका तेलुगू रूपाचा, आणि त्यानंतर मोल्सवर्थचा. पुढच्या कोशकारांनी रांगेतला पहिला हवाला उचलला असावा. कोशकारही घाईत असतात.

मोल्सवर्थ तिसरा आला, पण सांगण्यासारखं काही असेल तर ते त्याच्यापाशीच होतं. जेम्स मोल्सवर्थ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, वाढवलेली आवृत्ती १८५७ साली. त्यात ‘डोंगरी कापड’ अशी स्वतंत्र नोंद आहे. तिचा आशय असा : मुंबईत डोंगरी किल्ल्याला लागून जी वस्ती होती तिथे विकलं जाणारं देशी सुती कापड ते डोंगरी कापड, पुढे कोणत्याही हलक्या, स्वस्त कापडाला हे नाव पडलं, आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचंच ‘डंगरी’ झालं. डोंगरी म्हणजे लहान डोंगर, हेही तो सांगतो. यूलला जे कुठेच सापडलं नाही ते त्याच्या पुस्तकाच्या आधी तीन दशकं छापून ठेवलेलं होतं.

मोल्सवर्थची गोष्ट आपल्याला पटते, कारण कापडाला बाजाराचं नाव द्यायची आपली जुनीच खोड आहे. पैठणची पैठणी, इलकलचं इरकल, चंदेरीची चंदेरी, नारायणपेठेची नारायणपेठी. लुगडं विणणारा कोण हे कुणी विचारत नाही, गाठोडं कुठल्या पेठेतून आलं ते विचारतात. पैठणी नेसून मुलगी बोहल्यावर उभी राहते, म्हणून पैठणचं नाव राहिलं. डोंगरीच्या कापडाचं गोणपाटाहून जरा वर एवढंच स्थान होतं, त्याचं गाव लक्षात ठेवायची गरज कुणाला पडली नाही.

ही डोंगरी कोणती? आज डोंगरी म्हटलं की सँडहर्स्ट रोड स्टेशनच्या बाजूच्या गल्ल्या आठवतात, नाहीतर वर्तमानपत्रांनी बदनाम केलेली टोळ्यांची डोंगरी. मराठी वाचणाऱ्याला तिथला तुरुंगही आठवतो. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर तिथे १०१ दिवस होते, आणि आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिलं. पण मोल्सवर्थच्या मनातला किल्ला आणखी दक्षिणेला, समुद्राच्या कडेला होता. तिथल्या टेकडीवर जुना डोंगरी किल्ला होता. १७६९ साली त्या जागी इंग्रजांनी नवा कोट बांधला आणि तिसऱ्या जॉर्जच्या नावानं त्याला फोर्ट जॉर्ज म्हटलं. लोक मात्र डोंगरी किल्लाच म्हणत राहिले, हे मोल्सवर्थच्या नोंदीवरूनच दिसतं. पुढे १८६२ साली मुंबईचा गव्हर्नर झालेल्या बार्टल फ्रिअरनं शहराचे तट पाडायला काढले आणि फोर्ट जॉर्जही त्यात गेला. आता त्या कोटाच्या भिंतीचा तुकडा सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात उरलाय. पिंपरी-चिंचवडहून सिंहगड एक्स्प्रेसनं जाणारे चाकरमानी सीएसएमटीला उतरतात, ते त्या जागेच्या कुशीतच उतरतात. टेकडी गेली, किल्ला गेला, बाजार गेला. कापडाचं नाव तेवढं राहिलं.

त्याच फ्रिअरची मुलगी मेरी. घरातली आया ॲना लिबेराता डिसोझा हिच्याकडून ऐकलेल्या गोष्टींचं पुस्तक तिनं १८६८ साली काढलं, ‘ओल्ड डेक्कन डेज’. त्यात गोष्टींच्या आधी ॲनाची स्वतःची हकिकत आहे आणि त्या हकिकतीत डंगरी येते. ॲना सांगते की पूर्वी रुपयाला वीस ते चाळीस वार डंगरी यायची, आता एका वाराला अर्धा रुपया पडतो. तिनं कारण दिलेलं नाही, पण ते उघड आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, म्हणून मुंबईतून कापूस ओढला गेला आणि भाव आभाळाला भिडले. मुंबईचे शेठजी त्या पैशात न्हाऊन निघाले, शहराचे तट पाडून नवी मुंबापुरी उभी करायची स्वप्नं त्याच काळातली. गव्हर्नरच्या वाड्यात काम करणाऱ्या बाईला मात्र त्या भरभराटीचा हिशेब आपल्या अंगावरच्या कापडाच्या वारात करावा लागला. बापानं डोंगरीचा कोट पाडला आणि लेकीच्या पुस्तकात डोंगरीच्या कापडाचा भाव नोंदला गेला, हा योगायोग मला फार आवडतो.

हे कापड होतं कसं? ताण्यात आणि बाण्यात दोन किंवा जास्त सूत एकत्र घेऊन विणलेलं, म्हणून जड आणि टिकाऊ. त्यातलं बरं असेल ते गरिबांच्या अंगावर जायचं, जाडं असेल ते देशी गलबतांच्या शिडांना आणि तंबूंना. १८१३ साली विल्यम मिलबर्ननं व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या ग्रंथात जहाजाच्या भाड्यासाठी डंगरीचे ४०० नग म्हणजे एक टन असा हिशेब दिलाय. म्हणजे माल किरकोळ नव्हता, टनावारी जात होता. आणि लॉर्ड एल्गिनच्या चीन-जपान मोहिमेच्या १८५९ च्या वृत्तांतात तर एक मौजच आहे. किनाऱ्यावर खऱ्या तोफखान्यांच्या जोडीला कापड ताणून, रंगवून उभे केलेले खोटे तोफखाने होते, त्यांना खलाशी ‘डंगरी किल्ले’ म्हणत. डोंगरी किल्ल्याच्या शेजारी विकलं जाणारं कापड, आणि परमुलखात त्याच्याच नावाचे किल्ले! खलाशांना हे ठाऊक असतं तर ते आणखी हसले असते.

आता मोल्सवर्थच्या विरुद्ध बाजूचंही ऐकलं पाहिजे, कारण ती बाजू कमजोर नाही. जॉन सारिस हा इंग्रज कप्तान ‘क्लोव्ह’ नावाचं जहाज घेऊन १६१३ साली मोलुक्का बेटांवर लवंगा घेत होता. (तेच जहाज त्याच वर्षी जपानला पोचलं. जपान गाठणारं ते पहिलं इंग्रजी जहाज.) कोणत्या कापडाच्या बदल्यात किती लवंग मिळते याची यादी त्यानं दिलीय. माल खंबायतचा आणि चोळमंडळचा. त्या यादीत एक कापड आहे, ‘डोंगेरिन्स’. शेपूट डच वळणाचं, पण धड ओळखू येतं. १६१३ साली मुंबई पोर्तुगीजांकडे होती. इंग्रजांना ती आंदणाच्या करारानं मिळाली १६६१ साली, कंपनीच्या हाती आली १६६८ साली. डोंगरीच्या टेकडीपाशी तेव्हा असा बाजार होता का, की ज्याचं नाव लवंगांच्या बेटांपर्यंत पोचावं? मोल्सवर्थ त्यानंतर दोनशे वर्षांनी लिहितोय. त्याच्या काळी लोक जे सांगत होते ते त्यानं प्रामाणिकपणे टिपलं, पण लोक सांगतात ती गोष्ट आणि घडलेली गोष्ट एकच असते असं नाही. माझ्या आईच्या डांगराचं उदाहरण ताजंच आहे.

दुसरा साक्षीदार डॉक्टर फ्रायर. हा कंपनीचा वैद्य जुन्नरलाही येऊन गेला होता. चाकणहून नाशिक रस्त्यानं नारायणगावपर्यंत जावं आणि डावीकडे वळावं, तिथे. १६७३ च्या सुमाराला कुठल्या बंदरात कोणता माल मिळतो हे लिहिताना त्यानं डंगरीसाठी मुंबईचं नाव घेतलेलं नाही. घेतलंय कारवारचं. वजनदार मिरी आणि डंगरी, दोन्ही कारवारची.

तरीही माझा कौल मराठीच्या बाजूनंच पडतो, आणि तो एका स्वरावर. हिंदीकडे डूंगर, गुजरातीत डुंगर, मराठी-कोंकणीत डोंगर. हिंदी-गुजराती ‘डुंगरी’ जर मूळ असती तर सगळ्यांत जुन्या नोंदीत ‘उ’ दिसायला हवा होता. सारिसच्या यादीत ‘ओ’ आहे. नंतरच्या नोंदींत जो ‘यू’ दिसतो तो इंग्रजांच्या लिहिण्याच्या पद्धतीचा. बंगला लिहितानाही ते पहिल्या अक्षरात ‘यू’च घालतात, म्हणून कुणी मूळ शब्द ‘बुंगला’ होता म्हणत नाही. त्या काळच्या स्पेलिंगवर फार मोठा इमला उभा करू नये हे मान्य. पण कारवारपासून मुंबईपर्यंतच्या किनाऱ्यावर डोंगराला डोंगरच म्हणतात, एवढं तर खरं. नाव मुंबईच्या त्या टेकडीवरून आलं असेल, किंवा डोंगराकडचं, अडाणी, जाडंभरडं या अर्थी आलं असेल. आपण गावठी म्हणतो ना, तसं. मोल्सवर्थचा बाजार खोटा ठरला तरी त्याचा डोंगर खोटा ठरत नाही.

मग ही डंगरी परमुलखात निघाली. खलाशांच्या पाठीवरून गेली, कारण शिडाचं कापड फाटलं की त्याची विजार करणं हा खलाशाचा जुना धंदा. ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू साउथ वेल्सच्या कंगाल वसाहतकऱ्यांना ‘डंगरी सेटलर’ म्हणत, अंगावर हिंदुस्थानातलं हे स्वस्त निळं कापड असे म्हणून. पुढे नोव्हेंबर १९१५ मध्ये क्वीन्सलँडमधल्या वॉरिक गावाहून ब्रिस्बेनपर्यंत सैन्यभरतीसाठी पायी मोर्चा निघाला. भरती होणाऱ्यांना गणवेश मिळेपर्यंत निळी डंगरी आणि पांढरी टोपी दिली होती, म्हणून तो इतिहासात ‘डंगरी मार्च’ झाला. अमेरिकन आरमारानं विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत कामाचा पोशाख म्हणून ती घेतली. तोवर तिला तिकडे दोन भावंडं भेटली होती. जीन हे इटलीतल्या जेनोआवरून, डेनिम हे फ्रान्समधल्या नीमवरून. तिघंही आपापल्या गावाचं नाव लावणारे आणि तिघंही मजुरांच्या अंगावरचे. १८७३ साली लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी विजारीच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकायचं पेटंट घेतलं, आणि पुढे जीन्सचं नशीब उघडलं. डंगरी मात्र कामावरच राहिली. निळ्या कॉलरचा माणूस हा इंग्रजी शब्दप्रयोग ज्या निळ्या कापडांतून आला, त्या कुळातलीच ही.

परत कशी आली? गोदीतून आणि रेल्वेच्या वर्कशॉपांतून, दुसरी वाट मला दिसत नाही. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, तिच्यामागून इंग्रज ड्रायव्हर आले, फिटर आले. १८६९ साली खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. गोरा फोरमन म्हणायचा डंगरी, हाताखालच्या मराठी माणसाच्या कानावर पडायची डांगरी. डोंगरी, डंगरी, डांगरी. तीन रूपांत फक्त पहिला स्वर बदलला, पण तेवढ्यानं सख्खं नातं ओळखू येईनासं झालं. कारखान्यात असे परतलेले आणि परके शब्द एकाच बाकावर बसतात. पगार पोर्तुगीज, मिस्त्री पोर्तुगीज, चावी पोर्तुगीज, कायझेन जपानी. आणि बाहेर चाकणच्या मार्केट यार्डात पोत्यांनी उतरणारा बटाटाही पोर्तुगीजच. कुणाचं कुळ कुणी विचारत नाही. सुमो गाडीचं घ्या. ती बनली इथे पिंपरीत, आणि जपानी पहिलवानांवरून नाव पडलं असं इथलीच पोरं बिनदिक्कत सांगतात. पुण्याचा टेल्कोचा कारखाना उभा करणारे सुमंत मुळगावकर, त्यांच्या नावाची आणि आडनावाची पहिली अक्षरं म्हणजे सुमो. तीस वर्षांत गावातला माणूस जपानी झाला, तर चारशे वर्षांत डोंगरीचं काय होणार?

या शब्दाबद्दल मला जे खरं म्हणायचंय ते व्युत्पत्तीच्या पलीकडचं आहे. डोंगरी कापडाचा धागा बदलला, वीण बदलली, रंग बदलला, देश बदलला. अंगात घालणाऱ्याचा दर्जा बदलला नाही. मोल्सवर्थनं हलकं कापड म्हटलं, ॲनानं महागाईचं माप म्हणून सांगितलं, ऑस्ट्रेलियात ती कंगालाची खूण झाली, आणि माझ्या वडिलांच्या वेळी कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्या माणसाला चिंचवडच्या वाड्यांतली जुनी मंडळी ‘डांगरीवाले’ म्हणत तेव्हा त्यात कौतुक नसे. वडिलांना त्याचं काही वाटत नसे. डांगरीवाल्याचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो आणि कारकुनाचा थकतो, असं ते म्हणत.

आताच्या नव्या कारखान्यांत सगळ्यांना एकच गणवेश असतो, प्लांट हेडपासून लाइनवरच्या पोरापर्यंत. २००९ च्या सुमाराला जर्मन गाड्यांचे कारखाने चाकणला सुरू झाले, जपानी आणि कोरियन पुरवठादार आले, तशी ही चाल पसरली. दिसायला ती छान आहे. पण गेटवर पाच मिनिटं उभं राहिलं की समजतं. कायम कामगाराच्या शर्टाचा रंग एक, ठेक्यावरच्याचा दुसरा, ट्रेनीचा तिसरा. आणि खड्ड्यात, टाकीत, बॉयलरमागे उतरणाऱ्याच्या अंगावर अजून डांगरीच. ती बहुतेक वेळा ठेकेदारानं दिलेली असते आणि तिच्या पाठीवर कंपनीचं नाव नसतं. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात सलग नोकरीसाठी २४० दिवसांचा हिशेब होता, म्हणून सात महिने भरले की पोराला ब्रेक. पोरगं डांगरी जमा करतं, दुसऱ्या गेटवर जातं, तिथे दुसरी डांगरी मिळते. वाकडच्या दुकानातली डंगरी आणि ही डांगरी यांच्यात जे अंतर आहे ते कापडाचं नाही.

म्हणून कोशकारांकडे माझं मागणं साधं आहे. इंग्रजी कोशात या शब्दापुढे ‘हिंदी’ लिहिलेलं आहे तिथे ‘मराठी’ लिहावं, किमान मोल्सवर्थचं नाव तरी पहिलं घ्यावं. आणि मराठीचा नवा कोश करणाऱ्यांनी ‘डांगरी’ला स्वतंत्र नोंद द्यावी. अर्थ : कामगाराचा अंगभर पोशाख. व्युत्पत्ती : डोंगरी, इंग्रजीमार्गे. बोलणारे : भोसरी, आकुर्डी, चाकण. हे करायला कोशकार आपण होऊन आपल्या शॉपवर येणार नाहीत. तिसऱ्या पाळीला जाणाऱ्या आणि निवृत्तीला आलेल्या मंडळींनी आपापल्या खात्यातले शब्द वहीत उतरवावेत आणि जवळच्या महाविद्यालयातल्या मराठी विभागाकडे नेऊन द्यावेत. पहिल्या पानावर डांगरी लिहा.